आजीबाईंशी वाद

ज्या बाईने हात धरून धर्मात आणलं, तिचं त्या धर्माबाबत सगळं ऐकलंच पाहिजे का? गुरुवचनाची थोरवी गाणाऱ्या आपल्या परंपरेत असा प्रश्न विचारणंही उद्धटपणाचं वाटतं. पंडिता रमाबाईंनी तो इंग्लंडमध्ये बसून विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, पत्रांमागून पत्रं लिहून.

१८८३ साली रमाबाई छोट्या लेकीला, मनोरमेला घेऊन वाँटेजच्या सेंट मेरीच्या मठात पोहोचल्या. वय पंचविशीचं. नवरा आदल्याच वर्षी वारलेला. डॉक्टर व्हायचा मनसुबा होता, तो कमी ऐकू येत असल्यामुळे सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्या दुःखाच्या सावटातच २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. भांडणाच्या पत्रांतही हा शब्द सुटला नाही, हे विशेष.

भांडणं मात्र जोरदार होती. रमाबाईंना येशूची शिकवण मान्य होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता. शिवाय चर्चने सांगितलं म्हणून मानायचं, ही रीतच त्यांना नामंजूर होती. भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारून आलेल्या बाईने दुसऱ्या पुरोहितांपुढे मान का तुकवावी? देवाने बुद्धी आणि सदसद्विवेक दिला आहे, तो वापरणं आपलं काम, असं त्यांनी मे १८८५ मध्ये आजीबाईंना स्पष्ट कळवलं. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या शाकाहारातही त्यांना जुन्या जातीचा ताठा दिसे. त्यावर, हवं तर पाई आणि पुडिंगमध्येही माझा गर्व शोधा, अशा अर्थाचा टोला रमाबाईंनी लगावला.

क्रुसाच्या वादात त्यांचा युक्तिवाद आणखी टोकदार झाला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्दच का? भारतातल्या माणसासाठी संस्कृत का नको? परमेश्वराला लॅटिनची खास आवड आहे, असं मानायला रमाबाईंसारखी शास्त्र्याची लेक कशी तयार होणार!

याच काळात दुसरी एक बाई त्यांना वेगळ्या रीतीने वागवत होती. डोरोथिया बील या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या. पुढे ऑक्सफर्डचं सेंट हिल्डाज त्यांनीच काढलं. १८८४ पासून रमाबाई त्यांच्याकडे राहून शिकत आणि संस्कृत शिकवत. बीलही श्रद्धाळूच होत्या, पण रमाबाईंच्या शंकांना त्यांनी शंका म्हणूनच उत्तरं दिली. या विद्यार्थिनीच्या मनाला पटल्याशिवाय श्रद्धा टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही, यावर भारतातल्या बिशपांनी नाकं मुरडली, तेव्हा रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केलं: आईने आणि आपण पुरुषांना शिकवलं, त्याला वडिलांचा किंवा नवऱ्याचा कधी आक्षेप नव्हता, मग तो इंग्रजांना का असावा?

बील उदार आणि जेराल्डिन कर्मठ, असा निवाडा करणं सोपं आहे. पण रमाबाई चेल्टनहॅमला असताना मनोरमेला वाँटेजमध्ये सांभाळत होत्या त्या जेराल्डिनच. तिथेही वाद झालाच. आपल्याला न पटलेले सिद्धान्त मुलीला शिकवू नका, असं रमाबाईंनी बजावलं. ज्यांच्या हाती पोर सोपवली, त्यांनाच हे सांगायचं, म्हणजे उपकार मान्य करूनही त्यांची परतफेड आज्ञापालनाने करायला नकार देणं. रमाबाईंचं खरं धैर्य इथे दिसतं. चर्चशी भांडणं त्या मानाने सोपं होतं.

१८८६ च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढे मुक्ती मिशन काढणाऱ्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या रमाबाई चर्चच्या चौकटीत शेवटपर्यंत पुरत्या बसल्या नाहीत.

आणि जेराल्डिन? रमाबाईंची पत्रं त्यांनीच जपली आणि जुळवून ठेवली, स्वतःला खरमरीत सुनावणारी पत्रंसुद्धा. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला. त्यात आजीबाईंचा उपदेश आहे आणि त्याला मिळालेली उत्तरंही.