निबर भेंडी

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. तोडणी चुकली की शेंग निबर होते, बाजारात तिला कुणी हात लावत नाही. निबर शेंगा झाडावर राहिल्या की पुढचा बहरही मंदावतो. म्हणजे एकरी उतारा बियाण्याच्या वाणावर जितका, तितकाच तोडायला माणूस आहे की नाही यावर ठरतो.

धाराशिव जिल्ह्यात माणूस मिळत नाही ते नेमके ऑक्टोबरात. सोयाबीनची काढणी उक्ती घेतलेली असते. अर्धा एकर भेंडीवाल्याच्या रोजाला तिथल्या बाया कशाला येतील? दिवाळीनंतर भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गावात म्हातारी आणि पोरेच उरतात. अशा वेळी ‘तुमचे उत्पादन कमी का’ म्हणून शेतकऱ्याला कीड नियंत्रणाचे प्रशिक्षण दिले जाते. प्रशिक्षण वाईट नाही. पण दुखणे गुडघ्यात आणि मलम कपाळाला.

पाण्याचेही तसेच. विहिरीत पाणी असले तरी शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात घरात एकटी बाई असेल तर वांग्याला पाणी चुकतेच. ठिबकने निम्मी कटकट मिटते. पण आधी स्वतःच्या खिशातून संच बसवायचा, मग अनुदानाची वाट पाहायची. हातात रोकड नसलेला माणूस बियाणे आणि औषध दुकानातून उधार आणतो. पीक निघाल्यावर बाजारातून मिळालेल्या पट्टीतून आधी दुकानदाराची उधारी भागते. २०१६ पासून राज्यात भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची आहे. त्याने थोडा दिलासा मिळाला, पण टोमॅटोचा भाव गाडीभाड्याखाली गेला की माल रानातच सोडावा लागतो. सोयाबीनला निदान हमीभाव जाहीर तरी होतो. रानात सोडलेला तो टोमॅटो पिकला होता, मग तो उत्पादनात धरायचा की नाही?

दुष्काळाच्या वर्षांनंतर इथल्या बायकांनी एक वेगळी वाट काढली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साथीने त्यांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला असे मिश्र पीक. कमी पाणी, घरचे खत, आणि पहिला वाटा घरच्या ताटाला. २०१६ साली संस्थेला यूएनडीपीचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या एकरात एकट्या टोमॅटोचा किंवा भेंडीचा उतारा काढला तर तो किरकोळच भरेल. मला मात्र हीच शेती शहाणपणाची वाटते, कारण एक भाजी पडली तरी दुसरी चुलीवर असते आणि उधारीचा धागा तुटतो. जिल्ह्यातल्या साऱ्यांनी एवढ्यावरच थांबावे असे मी म्हणणार नाही. पैसा बाजारातच मिळतो.

पण हा एकर बाईने मागून घेतलेला आहे, ही गोम विसरू नये. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पीककर्ज तिच्या नावाने नाही, ठिबकचा अर्जही नाही. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याच्या लक्ष्मीमुक्ती योजनेचे सरकारी परिपत्रक १९९२ सालचे आहे. आज मोबाइलवर ई-पीक पाहणी होते. वांग्याच्या ओळीत उभे राहून फोटो बहुधा तीच काढते, आणि पेरा नवऱ्याच्या खात्यावर लागतो.