धातूचे मारण आणि अणूची नित्यता

अग्नीच्या संस्काराने पदार्थ पालटतो तेव्हा त्यातले नेमके काय नष्ट होते, काय नव्याने उपजते आणि काय जसेच्या तसे उरते, हा प्रश्न रसायनशास्त्राने हाती घेण्याच्या फार आधी भारतीय दर्शनांनी नित्यता, सृष्टी आणि मोक्ष यांच्या विचारात मांडला होता. पनवेलच्या परिसरात या प्रश्नाला आजही प्रत्यक्ष आधार सापडतो. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेल येथे श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला आणि तेव्हापासून या गावाचे नाव भस्मे व रसौषधी यांच्याशी जोडले गेले. रसशास्त्र, म्हणजे पारा, धातू आणि खनिजे यांपासून औषधे सिद्ध करण्याचे शास्त्र, धातूवर दोन मुख्य संस्कार सांगते: पहिले शोधन, ज्यात धातूतील दोष काढले जातात, आणि दुसरे मारण, ज्यात वनस्पतींच्या रसात खलून व पुन्हा पुन्हा अग्निपुटे देऊन धातूची चमक, वर्धनीयता आणि घनता घालवली जाते व मागे मऊ भुकटी, म्हणजे भस्म, उरते.

धातू खरोखर ‘मेला’ की नाही हे पारखण्यासाठी या शास्त्राने ज्या कसोट्या घातल्या, त्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहाव्यात अशा आहेत. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे आणि बोटांच्या रेषांत भरले पाहिजे, या कसोट्या कणांच्या सूक्ष्मतेच्या आहेत. परंतु ‘अपुनर्भव’ ही कसोटी त्याहून खोल जाते. पुन्हा जन्म न होणे या अर्थाचा हा शब्द मोक्षाच्या चर्चेतला आहे, आणि रसशास्त्रात त्याचा अर्थ असा की गूळ, गुंज, मध, तूप आणि टाकणखार यांच्यासह भस्म मुशीत तापवले असता मूळ धातू परत दिसता कामा नये. या पाच द्रव्यांची निवड आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे, कारण गूळ, मध आणि तूप जळताना कार्बन मागे ठेवतात, तापलेला कार्बन धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि टाकणखार वितळून धातूचे कण एकत्र येण्यास मदत करतो. ऑक्सिजन काढून घेण्याच्या या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. म्हणजे कसोटी लावणाऱ्याने मेलेल्या धातूला जिवंत करण्याचा मनापासून प्रयत्न करायचा आणि तो फसला तरच मारण सिद्ध झाले असे मानायचे, अशी ही रीत आहे. स्वतःचे म्हणणे खोडण्याची संधी स्वतःच देणारी अशी कसोटी कोणत्याही काळी आदरास पात्र ठरते.

तरीही लोहभस्माच्या बाबतीत या मृत्यूला मर्यादा आहे. लोहभस्म हे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड असते, आणि पोलादाच्या कारखान्यातील झोतभट्टीत कोकच्या साहाय्याने अशाच ऑक्साइडमधून रोज लोखंड परत मिळवले जाते. मुशीच्या आगीत जो धातू अपुनर्भव ठरतो तो अधिक प्रखर आणि अधिक काळ चालणाऱ्या आगीत पुन्हा जन्म घेतो. यावरून असे म्हणावे लागते की मारणात लोखंडाचे धातुरूप संपते, पण लोखंडाचा अणू संपत नाही. सोन्याची गोष्ट याहून निराळी आहे. सुवर्णभस्माच्या आधुनिक तपासण्यांत बहुतांश सोने मूलद्रव्याच्याच रूपात, अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपात आढळते, म्हणजे तेथे सोने बारीक झालेले असते, मेलेले नसते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्याय-वैशेषिकाच्या प्रवेशग्रंथाच्या परंपरेत सोने पृथ्वी या द्रव्यात न घालता तेज या द्रव्यात घातले आहे, आणि त्याचे कारण असे दिले जाते की तूप वगैरे पार्थिव पदार्थांचे द्रवत्व प्रखर अग्नीत नष्ट होते, तर सोने कितीही तापवले तरी त्याचे द्रवत्व जात नाही. वर्गीकरण आज टिकत नाही. निरीक्षण मात्र अचूक आहे, कारण सोने सहजासहजी ऑक्सिजनशी संयोग करत नाही.

भस्मांविषयीच्या श्रद्धेला येथे एक स्पष्ट सूचना जोडणे आवश्यक आहे. पाऱ्याला गंधकाशी बांधून रससिंदूर केले तरी त्यातील पाऱ्याचा अणू पाऱ्याचाच राहतो. संयुगात त्याचे वर्तन बदलते आणि ते किती बदलते हे मोजावे लागते. म्हणून ‘मारण झाले’ एवढ्या शब्दावर कोणत्याही रसौषधीच्या सुरक्षिततेचा निकाल लावता येत नाही.

रसविद्येला केवळ औषधाचे ध्येय नव्हते. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वर दर्शन हे स्वतंत्र दर्शन म्हणून येते, पाऱ्याच्या साहाय्याने शरीर स्थिर व टिकाऊ करावे आणि याच देहात मुक्ती साधावी, असे त्याचे प्रतिपादन होते. हलक्या धातूचे सोने करणे हा त्या मार्गातला पुरावा मानला जाई, कारण जो रस धातूचा स्वभाव पालटतो तो देहाचाही पालटेल, अशी ती अनुमानाची साखळी होती. पदार्थाचा स्वभाव पालटू शकतो का, या प्रश्नावर अशा रीतीने मोक्षाचा एक मार्ग उभा होता.

वैशेषिकांनी हाच प्रश्न अधिक कठोरपणे हाताळला. कणादांच्या नावाने चालत आलेले वैशेषिक दर्शन पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चार द्रव्यांचे परमाणू मानते. परमाणू म्हणजे ज्याचे पुढे भाग पडत नाहीत असा नित्य, निरवयव कण. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा कण हे त्र्यणुक होय. (मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला अणू म्हणतात तो मूलद्रव्याचा लघुतम कण, आणि अणूंच्या जोडणीने होतो तो रेणू, या लेखात दर्शनांच्या कणाला परमाणू आणि विज्ञानाच्या कणाला अणू म्हटले आहे.) कच्चे काळे मडके भट्टीत लाल होते तेव्हा तो लाल रंग कोठे उपजला, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वाद झाला. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार, पीलू म्हणजे परमाणू, अग्नीच्या आघाताने मडके पार परमाणूंपर्यंत मोडते, सुट्या परमाणूंतील काळा रंग जाऊन लाल येतो आणि त्या परमाणूंपासून नवे मडके घडते. हे सारे इतक्या थोड्या क्षणांत होते की पाहणाऱ्याला खंड जाणवत नाही. नैयायिकांचा पिठरपाकवाद, पिठर म्हणजे भांडे, सांगतो की मडके तेच राहते, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि संपूर्ण भांड्यातच रंग पालटतो. मडके क्षणभरही मोडले असते तर भट्टीत त्यावर रचलेली दुसरी भांडी कोसळली असती.

रायगड जिल्ह्यातील वीटभट्ट्यांत आजही जी माती लाल होते तिच्याकडे पाहता हा वाद अर्धा सुटतो आणि अर्धा अधिक रंजक होतो. मातीतील लोहाची पाणी धरून ठेवणारी पिवळसर ऑक्साइडे तापल्यावर पाणी सोडतात व हेमटाइट नावाचे लाल ऑक्साइड बनते; बंध तुटतात, नवे जुळतात, आणि हे सारे रेणूंच्या व स्फटिकांच्या पातळीवर घडते, म्हणून सूक्ष्मात मोडून पुन्हा घडण्याची वैशेषिकांची कल्पना दिशेने योग्य होती. पण लोखंडाचा एकटा अणू लाल नसतो. रंग येतो तो ऑक्सिजनच्या अणूंनी वेढलेल्या लोहाच्या इलेक्ट्रॉनांनी प्रकाशाचा काही भाग शोषल्यामुळे. तो रचनेचा गुण आहे. परमाणूच लाल होतो हे पीलुपाकवाद्यांचे म्हणणे त्यामुळे पडते, आणि वीट तीच राहते, तिचा आकार टिकतो, हे नैयायिकांचे म्हणणे उभे राहते.

पनवेलजवळच्या रसायनी येथे या वादाचे आणखी स्पष्ट उदाहरण आहे. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या तेथील प्रकल्पात डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होत असे, जे भारतीय अग्निबाणांच्या विकास इंजिनात इंधन जाळण्यासाठी ऑक्सिजन पुरवते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील इतर विभाग बंद करून हा विभाग इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. या द्रव्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि ते जवळजवळ रंगहीन असते, परंतु ऊब मिळताच रेणू दुभंगून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन तपकिरी रेणू होतात, आणि थंड होताच ते पुन्हा जुळतात. बंद कुपीत ठरावीक तापमानाला रंग स्थिर दिसतो, पण आत रेणू सतत तुटत आणि जुळत असतात. या अवस्थेला रासायनिक समतोल म्हणतात. बाहेरून अखंड दिसणाऱ्या वस्तूत आत मोडणे-घडणे चालू असू शकते, ही जी गोष्ट वैशेषिकांनी निव्वळ तर्काने धरली होती आणि नैयायिकांना हास्यास्पद वाटली होती, ती या कुपीत शब्दशः खरी आहे.

परमाणुवादावरचा सर्वांत मर्मभेदी आक्षेप मात्र दुसरीकडून आला. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी विचारले की एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू येऊन भिडले तर त्याला सहा भाग मानावे लागतील. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दाखवले की निरवयव परमाणूंचा संयोग पूर्णांगाने मानला तर दोन मिळूनही आकार वाढणार नाही, आणि एका भागाने मानला तर परमाणू निरवयव उरणार नाही. या युक्तिवादाचे उत्तर वैशेषिकांना समाधानकारकपणे देता आले नाही, आणि ते का देता आले नाही हे विसाव्या शतकात उलगडले. मुंबई संस्कृत मालेत यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची ‘तर्कसंग्रहा’ची टिपणांसह आवृत्ती १८९७ मध्ये निघाली, त्याच वर्षी केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी अणूहून कितीतरी हलका असा ऋणप्रभारित कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सिद्ध केला. पुढे गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला, बहुतेक कण आरपार गेले, थोडे मात्र मागे उसळले, आणि त्यावरून अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये निष्कर्ष काढला की अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या दहा हजारांशाहूनही लहान अशा धनप्रभारित केंद्रकात साठलेले असते. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या मूलद्रव्याची ओळख ठरवते, तर बाहेरचे इलेक्ट्रॉन त्याचा संयोग ठरवतात. अणू जुळतात ते त्यांना अवयव असल्यामुळेच. शंकराचार्यांनी परमाणुवाद खोडण्यासाठी जी अट दाखवली होती, ती रसायनशास्त्राने अणूच्या बाजूने पूर्ण केली. निरवयवाचा संयोग होत नाही, हे त्यांचे म्हणणे या बाबतीत खरे ठरले.

ईश्वराच्या प्रश्नावरही याचा परिणाम झाला. परमाणू जड आहेत, ते आपणहून हलणार नाहीत, म्हणून सृष्टीच्या आरंभी त्यांना गती देणारा चेतन कर्ता हवा, असे अनुमान उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी मांडले. विद्युत्प्रभारांचे आकर्षण अणूंना जोडते हे कळल्यावर या अनुमानाचे त्या रूपातले बळ ओसरते. हे आकर्षण आणि त्याचे नियम मुळात का असावेत, हा प्रश्न त्याने मिटत नाही. पण जो आस्तिक जुन्या अनुमानाची उणीव मान्य करून नव्या जागी प्रश्न विचारतो, त्याची श्रद्धा अधिक प्रामाणिक आहे असे म्हणावे लागते.

नित्यतेविषयीचा निकाल मात्र स्पष्ट आहे. रदरफर्ड यांनी १९१९ मध्ये अल्फा कणांच्या आघाताने नायट्रोजनच्या केंद्रकातून प्रोटॉन बाहेर काढला, आणि पनवेलच्या पश्चिमेला खाडीपलीकडे तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत युरेनियमची केंद्रके दुभंगत होती. पाऱ्याच्या अणूत ८० प्रोटॉन असतात आणि सोन्याच्या अणूत ७९. १९४१ मध्ये अमेरिकेतील शेर, बेनब्रिज आणि अँडरसन यांनी न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पाऱ्यापासून सोने केले, पण ते किरणोत्सारी होते आणि अल्पावधीत नाहीसे होणारे होते. रससिद्धांनी ज्या आगीवर विश्वास ठेवला ती केवळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचते. केंद्रक पालटण्यासाठी लागणारी ऊर्जा लाखो पटींनी अधिक असते, म्हणून भट्टीत कितीही पुटे दिली तरी एक प्रोटॉनही इकडचा तिकडे होत नाही.

कणादांना आजचा अणू ठाऊक होता, हा जो दावा सभा-समारंभांतून होतो, तो यामुळेच कणादांवर अन्याय करणारा आहे: त्यांचा परमाणू नित्य, निरवयव आणि चार जातींचा होता, तर आजचा अणू अनित्य, सावयव आणि शंभराहून अधिक जातींचा आहे. त्यांच्या परंपरेचे खरे धन उत्तरांत नसून प्रतिपक्षाला पूर्ण बोलू देणाऱ्या वादात आहे, आणि ते धन आज शाळा-महाविद्यालयांच्या वर्गात जवळजवळ कोठेच पोहोचत नाही. भस्मांची परंपरा, वीटभट्ट्या आणि रसायनांचे कारखाने एकाच तालुक्याच्या आसपास असणाऱ्या पनवेलमधील शिक्षकांनी रासायनिक बदलाचा धडा शिकवताना पीलुपाक आणि पिठरपाक हे दोन्ही पक्ष विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि निर्णय त्यांना पुराव्याने करू द्यावा.