किती केले म्हणजे पुरे?



धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, किती उशिरा पोहोचलो तरी मिस्सा चालते?" वर्ग हसला. तो मात्र हसत नव्हता, त्याला खरेच उत्तर हवे होते. मी लहानपणी ऐकलेले उत्तर दिले : अर्पणविधीच्या आधी पोहोचायला हवे. घरी येताना ते उत्तर मला टोचत राहिले. पण प्रश्न एकट्या त्याचा थोडाच आहे? ख्रिस्तशरीर स्वीकारून थेट आपल्या गाडीकडे वळणारे आम्ही मोठेही तोच प्रश्न विचारत असतो, फक्त पायांनी.

किमान म्हणजे वाईट असे मुळीच नाही. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि पास्काकाळात ख्रिस्तशरीर स्वीकारावे, हा नियम १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिकवणुकीचा ग्रंथही ख्रिस्तसभेच्या आज्ञांना 'अत्यंत आवश्यक किमान' असेच म्हणतो. ही खालची पायरी आहे, आणि ती खाली आहे यात दया आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करून धापा टाकत मिस्सेला पोहोचणारी बाई किमान करीत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेप्रमाणे ती सर्वस्व देते. म्हणून दुसऱ्याचे माप आपण काढू नये. अडचण आहे ती सवड असूनही पायरीलाच घर समजणाऱ्यांची, म्हणजे बहुतेक वेळा माझी.

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू म्हणतो की, कोणी तुला एक मैल चालायला भाग पाडले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा (मत्तय ५:४१). इथला मूळ ग्रीक शब्द वेठीस धरण्याचा आहे. ओझे वाहायला रोमी सत्तेची माणसे वाटेवरच्या कोणालाही धरीत. वेठबिगारी काय असते हे आपल्या ठाणे-पालघरकडच्या माणसांना वेगळे सांगायला नको. पहिला मैल धरून नेलेल्याचा. दुसऱ्या मैलाला कोणी धरलेले नसते, तिथून पुढे तो स्वतःच्या इच्छेने चालतो. येशू दुप्पट काम सांगतो आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते, तो माणसाला वेठीतून सोडवतो आहे.

संत पौलाने हेच करून दाखवले. सुवार्ता सांगणाऱ्याने तिच्यावर उपजीविका करावी हा त्याचा हक्क होता, तसे तो करिंथकरांना लिहितोही. तरी करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू बनवण्याचे काम करीत होता. सुवार्ता सांगणे त्याला चुकणारच नव्हते. ती फुकट सांगणे मात्र त्याचे स्वतःचे होते. इतर प्रेषितांनीही तसेच करावे, असा आग्रह त्याने धरला नाही, हे विसरू नये.

कारण दुसरा मैल स्वतः चालायचा असतो, दुसऱ्याला चालायला लावायचा नसतो. "आपण ख्रिस्ती, थोडे जास्त करायला काय हरकत आहे?" असे म्हणून कामगाराला रोज तासभर फुकट थांबवून घेणारा मालक पुन्हा पहिल्याच मैलावर उभा असतो, आणि तोही धरणाऱ्याच्या बाजूने. सणाच्या सजावटीसाठी रात्र रात्र जागणाऱ्या आपल्यापैकी कोणी घरकामाच्या बाईचा महिन्याचा पगार अडकवला असेल, तर ती सजावट जास्तीची सेवा ठरत नाही. अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब लिहितो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या पत्रात तेच वचन मालकांपुढे ठेवले. पहिला मैल चुकवून दुसऱ्यावर जाता येत नाही.

क्रुसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानाजवळ आता मी जरा जास्त थांबतो. कुरेनेकर सायमनला सैनिकांनी धरले, त्या जागी मत्तयने तोच वेठीचा शब्द वापरला आहे. तो शेतावरून येत होता, त्याला घरी जायचे असेल. त्या ओझ्याखाली त्याच्या मनात काय झाले, ते शुभवर्तमान सांगत नाही. मार्क मात्र त्याची ओळख करून देताना म्हणतो, अलेक्झांडर आणि रूफस यांचा बाप. ही दोन मुले कोण हे मार्क सांगत नाही. त्याच्या वाचकांना ती ओळखीची असावीत.