मिनर्व्हची अट

फ्रान्सच्या दक्षिणेस, लांगदोक प्रांतांत, सेस व ब्रियां ह्या नद्यांनीं चुनखडीचा खडक खोलवर कापून काढला आहे. त्यांच्या संगमावरील कड्यावर मिनर्व्ह हें लहानसें गांव आहे. तेथील मध्ययुगीन किल्ल्याचा एक उंच, अरुंद अवशेष तेवढा आतां उभा आहे. त्यास 'कांदेला', म्हणजे मेणबत्ती, म्हणतात. १२१० च्या उन्हाळ्यांत सिमों द माँफोर याच्या धर्मयोद्ध्यांनीं दरीपलीकडून यंत्रांनीं दगड फेकून विहिरीची वाट उद्ध्वस्त केली. (सर्वांत मोठ्या यंत्राचें नांव 'वाईट शेजारीण' होतें, असल्या कामांतही माणसास विनोद सुचतो!) सुमारें सात आठवड्यांनीं तहानेनें गांव शरण आलें.

आंत कॅथार पंथाच्या अनेकांनीं आश्रय घेतला होता. रोमच्या दृष्टीनें हे पाखंडी. त्यांच्यांतील व्रतस्थ स्त्रीपुरुषांस मांस, हिंसा, शपथ आणि असत्य भाषण हीं सर्व वर्ज्य असत. पोपचा प्रतिनिधि आर्नो आमोरी ह्यास त्यांचा मृत्यु हवा होता. पण स्वतः भिक्षु व धर्मगुरु असल्यामुळें तशी आज्ञा त्याच्या मुखावाटे निघेना. म्हणून त्यानें ठरविलें कीं, जे पंथ सोडतील त्यांस जीवदान द्यावें. रोबेर मोव्हवाझें नांवाचा सरदार रागावला. भयानें हे लोक खोटेंच कबूल होतील, असें त्याचें म्हणणें. आमोरीनें त्यास निश्चिंत केलें: फारच थोडे कबूल होतील. ही हकीकत लिहिणारा पिएर हा भिक्षु त्यांच्याच पक्षाचा असल्यामुळें तिच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण दिसत नाहीं.

सुमारें १४० जण जळाले. बहुतेकांनीं आपण होऊनच अग्नींत उड्या घेतल्या, असें पिएर सांगतो.

नाकारली जाईल अशी खात्री बाळगून देऊं केलेली दया ही दया होय काय? आमोरीचा सारा हिशेब शत्रूंच्या सत्यनिष्ठेवर उभारलेला होता. ज्यांस तो लोकांना फसविणारे म्हणे, ते मरणाच्या दारींही फसविणार नाहींत, हें त्याच्याइतकें कोणासच ठाऊक नव्हतें! कोणी म्हणेल, दार तर उघडें होतें ना? हा आक्षेप मला हलका वाटत नाहीं, कारण तीन स्त्रिया त्या दारानें खरोखरच बाहेर आल्या. त्यांनीं श्रद्धा सोडली कीं केवळ शब्द सोडला, हें विचारण्याचा अधिकार चितेपुढें उभें न राहिलेल्या आम्हांस नाहीं. पण त्यांस आमोरीनें वाचविलें नाहीं. बूशार द मार्ली ह्या सरदाराची आई त्यांच्याकडे गेली आणि तिनें त्यांचें मन वळविलें. अट तीच होती, शब्द तेच होते. ही बाई मात्र होकाराच्या आशेनें गेली होती.