काढलेले हृदय कुणाचे?

२ जानेवारी १९६८ रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी फिलिप ब्लायबर्ग या दंतवैद्याचे हृदय बदलले. पुढे त्याचे जुने हृदय त्यांनी त्याच्याच समोर आणून ठेवले. (नवे हृदय एका 'कलर्ड' तरुणाचे होते, आणि तेही वर्णभेदाच्या राज्यात! पण तो विषय वेगळा.)

आम्हांला प्रश्न पडतो तो त्या जुन्या हृदयाचा. मय्यतीचे सोपस्कार आपल्याला ठाऊक आहेत: गुसल, कफन, दफन. इथे मात्र धनी घरी जाऊन जेवतो आहे आणि त्याचे हृदय फॉर्मॅलिनमध्ये पडून आहे.

ते फेकण्याची वस्तू नव्हे. निरोगी हृदय साधारण ३०० ग्रॅमचे. बदलावे लागलेले कधी त्याच्या दुप्पट भरते. पॅथॉलॉजिस्ट त्याचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, काही तुकडे उणे ८० अंशांवर गोठवून ठेवतो. कधी निदानच बदलते. स्नायूंचा साधा आजार समजला गेलेला सारकॉयडोसिस निघतो. कधी आनुवंशिक दोष सापडतो आणि रुग्णाच्या भावंडांना वेळीच तपासता येते. तेव्हा शरीर अमानत आहे एवढे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९८८ साली अटी घालून अवयवरोपणाला मान्यता दिली, तीही अमानत मानूनच.

पण विचारायचे कुणी आणि केव्हा? लिव्हरपूलच्या ऑल्डर हे बालरुग्णालयात वारलेल्या मुलांची दोन हजारांहून अधिक हृदये जपून ठेवलेली असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. आईबापांना कुणी नीट सांगितलेच नव्हते. काहींना एकाच लेकराला दोन-दोन, तीन-तीनदा पुरावे लागले. त्यातून ब्रिटनमध्ये २००४ चा कायदा आला. गंमत पाहा, त्या कायद्यात मृताच्या अवयवासाठी संमती लागते. जिवंत माणसाचा नमुना मात्र नाव झाकले आणि नैतिक समितीने होकार दिला, तर संशोधनाला त्याच्या संमतीवाचूनही वापरता येतो. ज्याला तोंड आहे, त्यालाच विचारायचे नाही!

शिवाय मरणाच्या दारातला माणूस जीव वाचवणाऱ्या डॉक्टरला 'नाही' म्हणेल कसा? म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रात ही बाब दडपून घालू नये. कागद वेगळा असावा, रुग्णाच्या भाषेत असावा, आणि त्यावर दोन ओळी असाव्यात: संशोधनासाठी ठेवा, किंवा तपासून परत द्या, आम्ही दफन करू. आमच्यातले कितीतरी पहिलीच ओळ निवडतील. दुसरीमुळे एखादे दुर्मिळ हृदय संशोधनाच्या हातून निसटेल. निसटू दे.