बटण फक्त क्रमांक सांगतं

सकाळी संगणक सुरू करून आपण पासवर्ड टाइप करतो, तेव्हा बटणावर छापलेलं अक्षर आत जातं असं वाटतं. प्रत्यक्षात आत जातो नुसता क्रमांक. आपल्याकडच्या कीबोर्डवर ‘ए’ दाबलं की लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, एवढंच कळतं, की ३० क्रमांकाचं बटण दाबलं गेलं. त्या ३०चं अक्षर कोणतं, हे ठरवते कीमॅप नावाची एक साधी फाइल.

ही फाइल चुकीची असेल तर काय होतं? जर्मनीत शिकायला गेलेल्या एखाद्या मुलीने तिथलाच लॅपटॉप घेतला, डेस्कटॉपवर जर्मन लेआउट असताना पासवर्ड ठेवला ‘झेंडा’, इंग्रजी अक्षरांत. जर्मन कीबोर्डवर ‘झेड’ २१ क्रमांकाच्या बटणावर असतो. तिथे आपल्याकडे ‘वाय’ असतो. कर्नलचा मूळ कीमॅप अमेरिकी. नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, तिने न चुकता ‘झेंडा’ दाबलं तरी आत पोचतं ‘येंडा’. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे चूक दिसतही नाही. बिचारी स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेत बसते.

उपाय एका ओळीचा: व्हीकन्सोल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये कीमॅपचं नाव लिहायचं. पण कोणतं नाव? ब्रिटिश कीबोर्ड कन्सोलमध्ये ‘यूके’, ग्राफिकल डेस्कटॉपवर मात्र ‘जीबी’. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत ‘यूके’ म्हणजे युक्रेनियन! स्वित्झर्लंडच्या जर्मन कीबोर्डला कन्सोल म्हणतो ‘एसजी’, आणि देशांच्या यादीत तो संकेत सिंगापूरचा. कुणी मुद्दाम घोळ घातलेला नाही. ज्याने जी फाइल लिहिली त्याने त्याला सुचलं ते नाव दिलं आणि पुढच्यांनी ते जपलं. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने कन्सोल आणि डेस्कटॉप या दोन्हींसाठी एकच फाइल आणि एकच नाव ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं.

आपली मराठी या नावांत कुठे आहे? कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही, म्हणून तिथे आपण रोमन लिपीतच वावरतो. डेस्कटॉपवर ‘इन’ या देशनामाखाली हिंदी, बंगाली, तमिळ यांच्यासोबत मराठीही येते. त्यातल्या एका मराठी लेआउटचं नाव ‘मार-कागपा’. हे ‘कागपा’ कन्नड गणक परिषदेचं. शेजारच्या भाषेच्या कामाचं ऋण नावातच राहिलं, हे मला आवडतं. पण ज्याला मराठी लिहायचं आहे, त्याला ‘मराठी’ हे नाव यादीत सहज, पहिल्याच नजरेत दिसायला हवं. देशाच्या नावामागे भाषा शोधत बसायला लागू नये.

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड लेआउटने निदान जागांचा प्रश्न नीट सोडवला. ‘क’ देवनागरीत ज्या बटणावर, त्याच बटणावर तेलुगूतही. ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ शिफ्ट आणि ‘जे’वर. घरात कुणाला नवीन संगणक लावून देत असाल, तर लेआउट निवडल्यावर पुढे जाण्याआधी एखाद्या रिकाम्या चौकटीत ही दोन अक्षरं उमटवून बघा, आणि इंग्रजीतले ‘वाय’ नि ‘झेड’सुद्धा. पासवर्ड त्यानंतर ठरवा.