कुठले जोशी?

मराठी माणसाने आडनाव सांगितले की समोरचा तेवढ्यावर थांबत नाही. जोशी? कुठले जोशी? पवार? गाव कोणते? प्रश्न भोचक आहे खरा, पण नुसत्या आडनावावरून फारसे काही कळत नाही हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. जोशी देशस्थांत आहेत, कोकणस्थांत आहेत आणि दारोदार कुडमुडे वाजवत भविष्य सांगणाऱ्यांतही आहेत. जाधव मराठ्यांत, बौद्धांत, बंजाऱ्यांत सापडतात. एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे, हा समज आपण हौसेने जपतो; पण आडनावे बहुतेक वेळा रक्ताने दिलेलीच नाहीत. ती शेजाऱ्याने, कारकुनाने, सरकाराने दिली. घरात एकमेकांना हाक मारायला ती कधी लागत नव्हतीच.

'कर' लागलेली आडनावे बघा. असे आडनाव गावात बसून मिळत नाही. नीरेकाठच्या होळ गावात सगळेच होळचे. तिथे एकालाच होळकर म्हणण्यात काय अर्थ? मल्हारराव मामाकडे खानदेशात तळोद्याला वाढले, आणि तिथे मात्र हे नाव काही सांगू लागले. पुढे इंदूरच्या गादीशी एका लहानशा गावाचे नाव कायमचे जोडले गेले. म्हणजे आपण ज्याला मूळ गावाची खूण समजतो, ती खरे तर गाव सोडल्याची खूण आहे.

मंगेशकर या नावात तर दोन स्थलांतरे आहेत. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी. १५६०च्या सुमारास, पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जात असताना, भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळला हलवले. देव तिथे स्थिरावला आणि त्या जागेला त्याच्यावरून मंगेशी म्हणू लागले. त्या देवळातल्या पुजाऱ्याचे चिरंजीव दीनानाथ नाटक कंपनीबरोबर गोव्याबाहेर पडले आणि मंगेशकर झाले. आधी देवाने गाव सोडले, मग भक्ताने. ज्यांनी देवळातल्या अभिषेकाच्या कामाचे नाव धरून ठेवले ते अभिषेकी. पंडित जितेंद्र अभिषेकी त्याच मंगेशीचे.

मला सर्वांत विचारात पाडतात ती बेने इस्रायलांची आडनावे. रायगडच्या किनाऱ्यावर ही मंडळी तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. १९४८नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद अशा ठिकाणी वसले. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले तिथे अखेर पोचले, तर ओळखीला उरले पेण आणि रोहा. जिथे आपण परदेशातून आलेले होतो, तेच गाव आता आपले गाव झाले. हे नावामुळे घडले असे मी म्हणणार नाही, पण नावात ते नोंदले गेले.

हुद्द्यांवरून पडलेल्या आडनावांची तऱ्हा वेगळी. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस यांतला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारात मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. लोकांनी मात्र जुने टाकले नाही आणि नवेही सोडले नाही. आज मुजुमदारही आहेत, अमात्यही; डबीर आहेत, सुमंतही. नाना फडणविसांचे घराणे मूळचे भानू, पण हुद्द्याने आडनाव गिळले ते गिळलेच. पुढे १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, १९६२च्या कायद्याने महसुली पाटलाचे वंशपरंपरेचे पदही गेले. गावचे दप्तर तलाठ्याकडे गेले. कुलकर्णी आणि पाटील राहिले, आता दप्तराविना. (पाटलांच्या बाबतीत 'विना' हा शब्द जरा जपून वापरावा, गावात पाटीलकीचा रुबाब कायद्याने जातो असे दिसले नाही.)

टोपणनावांतून आलेली नाके, टकले, पोटे, दहीभाते ही आडनावे विनोदी लेखकांनी इतकी राबवली आहेत की त्यांच्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की कुणीतरी कुणाला तरी एकदा हसले होते आणि ते हसू दहा पिढ्या टिकले.

हसण्याइतके सोपे नाही ते पुढचे. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न पुष्कळांनी छातीत धडधड घेऊन ऐकला आहे, कारण विचारणाऱ्याला नाव नको असते, जात हवी असते. अशा वेळी गावाचे आडनाव आडोशाला येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे सकपाळ घराण्याचे गाव. त्यावरून आंबडवेकर, आणि त्याचे आंबेडकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. त्या आडनावाने वर्गातला भेदभाव थांबवला नाही. मुलाला बाहेर, वेगळे बसावे लागलेच. आडनावाचा आडोसा किती तोकडा आहे हे यातून कळते. पण इथे क्रम उलटला. एरवी माणसाला आडनावाची ओळख मिळते, इथे आडनावाला माणसाची मिळाली.

आणि ज्यांना आडनाव कायमचे असे कधी मिळालेच नाही, त्या बायका. कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ उघडा: मुलगे फांद्याफांद्यांनी पसरत जातात, मुलगी 'अमक्यास दिली' एवढ्यावर संपते. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवे नाव लिहायचे, म्हणजे आडनावच नव्हे, स्वतःचे नावही बदलायचे. ही चाल आता कमी झाली. १ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव घालणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले आहे: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. बदल मोठा आहे आणि तो हवाच होता. पण आईचे नुसते नाव आले. तिचे माहेरचे आडनाव, आणि त्यातले कुठलेसे गाव, त्या ओळीत अजून आलेले नाही.